पाण्यात उतरलेले दोर

ज्याने पाण्याला वाट दिली आणि वाटेला विसावा दिला, त्या नारायणाच्या चरणी आधी मस्तक ठेवते. त्याने जेवढे दाखवले तेवढेच सांगेन. जे त्याने झाकून ठेवले, ते उघडण्याचा अधिकार ना माझा, ना माझ्या शब्दांचा.

१

शहाऐंशीच्या श्रावणातल्या महापुराला वर्ष उलटून गेले होते. आश्विन उतरणीला लागला होता. प्राणहितेच्या काठी, सिरोंच्याच्या बाजूच्या एका गावी नवरात्रातील भजनासाठी मला बोलावणे आले होते. त्या गावाला एस.टी. जात नसे, म्हणून परतीचा प्रवास मी आमच्याच गावच्या देवाजी ढिवराच्या नावेतून करीत होते. धानाची पोती खाली पोहोचवून तो रिकाम्या नावेने वर निघाला होता. प्रवाहाच्या उलट जायचे म्हणजे शीड हवे, आणि शिडाला दक्षिणेचा वारा हवा. सकाळपासून तो मिळाला होता. शीड गरोदर बाईसारखे भरलेले होते आणि नाव स्वतःहून चालली होती.

नावेत तिसरी होती मनकर्णा, देवाजीच्या धाकट्या भावाची, मुखरूची बायको. सुकाणू तिच्या हाती असे. मुखरू महापुरात नावेसह गेला. नाव सापडली नाही, देह सापडला नाही. देवाजीच्या घराण्यात अशी रीत की नाव बांधण्याचा दोर घरच्या सुनेने वळायचा, आणि नावाडी गेला तर तिनेच तो आपल्या हाताने कापायचा. दोर कापला की माणूस सुटला, मग पुढचे विधी. दोर कापल्यावाचून ना दहावे, ना तेरावे.

"दोर दाखवा, कापते," असे मनकर्णा वर्षभर सांगत आली होती. "दोर त्यायच्या संगं गेला. मी काय हवा कापू?"

त्यामुळे तिला ना सवाष्णींच्या पाटावर जागा होती, ना विधवांच्या ओळीत. हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावीत नसे आणि तिच्याकडे सांत्वनालाही कोणी जात नसे. कपाळावर कुंकू होते, पण ते लावताना ती आरसा घेत नाही, असे तिची सासू मला म्हणाली होती. ज्या नावेत जागा मिळेल त्या नावेतून ती नदीवर येई आणि प्रत्येक घाट डोळ्यांखालून घाली.

दुपार कलली आणि वारा पडला. शीड डोलकाठीला चिकटले.

"बाई," देवाजी मला म्हणाला, "तुमच्या भजनानं वारा येत असन तं म्हना ना जी एखांदं."

"वाऱ्याला भजन नको आहे, देवाजी. तुझ्या शिडाला ठिगळे हवी आहेत."

"एक ठिगळ माह्या लुगड्याचं हाय, बाई," मागून मनकर्णा म्हणाली. "त्याले नावं ठेवान तं उतरून पायी जा."

आम्ही तिघेही हसलो. त्या दिवसाचे ते शेवटचे मोकळे हसणे.

२

रात्रीपुरती नाव कुठे लावावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. देवाजी वल्हे मारीत काठाकाठाने जागा पाहत चालला. एक रेतीचा दांडा मला फार आवडला, मऊ आणि स्वच्छ.

"नाई जी. पानी उतरून राह्यलं. पहाटे नाव रेतीवर बसन अन् तुमी-आमी ढकलत बसू."

पुढे जांभळीच्या सावलीत एक डोह दिसला. तिथे पाण्याखाली कातळ होते. रात्री नाव हलली की बूड फाटायचे. मधल्या धारेत लोखंडी नांगर टाकून पाहिला. तळ गुळगुळीत असावा, कारण नांगर धरेना. काठावर सागाचे रान दाटत चालले होते. पलीकडच्या आंध्राच्या काठावर कोणीतरी गाई हाकीत तेलुगूत ओरडत होते, तो आवाजही विरून गेला.

मग नदीने वळण घेतले आणि घाट दिसला.

घाट म्हणजे पायऱ्या नव्हेत. एक उतरता, पायांनी दाबून गुळगुळीत झालेला काठ, आणि पाण्याच्या कडेने रोवलेले सागाचे खुंटे. नाव लावायला याहून सुरेख जागा नाही. पाणी खोल, धार नाही, कातळ नाही.

"जाताना हा घाट मले काऊन नाई दिसला?" देवाजी म्हणाला.

"जाताना तुमी झोपले होते, भाऊजी. सुकाणू माह्याकडे होतं."

"मंग तुले तं दिसला असन."

मनकर्णेने सुकाणू घाटाकडे वळवले.

देवाजीने एका रिकाम्या खुंट्याला नाव बांधली. तेव्हा माझ्या लक्षात आले की आमचा खुंटा तेवढाच रिकामा होता. बाकी प्रत्येक खुंट्याला दोर होता, आणि प्रत्येक दोर तिरपा पाण्यात उतरला होता. घाटावर एकही नाव नव्हती.

दोर सैल असते तर मी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. टाकून दिलेले दोर पाण्यात लोंबतातच. पण ते ताणलेले होते. नाव बांधलेली असली की दोर जसा ताणतो, किंचित ढिला होतो, पुन्हा ताणतो, तसे ते संथपणे श्वास घेत होते.

३

मी जवळच्या दोरावर बोट ठेवले. भीतीपेक्षा मला उत्सुकता अधिक होती, हे देवापुढे नाकारीत नाही. दोरातून एक सूक्ष्म थरथर बोटात आली. आमच्या नावेच्या दोराला हात लावला, तर तीच थरथर तिथेही होती.

"सागाचे ओंडके असतीन," देवाजी म्हणाला. "ओला साग बुडते, बाई. आलापल्लीकडून कोणी आनले असतीन, लपवून ठेवले असतीन पान्यात."

हे मला पटले. पटावे असेच होते ते. ओला साग बुडतो, आणि चोरून तोडलेले लाकूड लोक लपवतातही. फक्त एक गोष्ट राहून राहून मनात येई. बुडालेले ओंडके तळाशी निजून राहतात. ते दोर ओढीत नाहीत.

मनकर्णा एकेक दोर डोळ्यांनी चाचपीत होती.

खालून आवाज येऊ लागला. टक्. थोडे थांबून, टक् टक्. ज्याने नावांचा घाट पाहिला आहे, त्याला तो आवाज ओळखायला सांगावे लागत नाही. शेजारी बांधलेल्या नावा लाटेने एकमेकींना लागतात, तेव्हा असाच पोकळ, घरगुती आवाज होतो. फरक एवढाच की तो आमच्या पायांखालून येत होता.

दिवेलागणीची वेळ झाली. कुठेही असले तरी या वेळी मी भजन चुकवीत नाही. झोळीतून टाळ काढले. माझ्या सासऱ्यांनी रचलेले, कागदावर कधीही न उतरलेले, आमच्या गावाबाहेर कोणाला ठाऊक नसलेले पद मी धरले:

नाव तुझी देवा, वल्हे तुझ्या हाती ।
आम्ही भार माती, पैल नेई ॥

देवाजी आणि मनकर्णा दोघेही आमच्या भजनातले. त्यांनी ध्रुपद झेलले. दुसऱ्या खेपेला मात्र झेलणारे आवाज अधिक होते.

मला आनंद झाला! वर रानात एखादी वस्ती असेल, माणसे ऐकून उतरली असतील, असे वाटले. पुरुषांचे आवाज होते ते, भरदार, लयीत मुरलेले. भजन सांगणाऱ्याला असे झेलणारे मिळाले की त्याला काठ आणि पाणी दिसेनासे होते. त्यांतला एक आवाज विशेष गोड होता. शेवटच्या अक्षरावर हलकेच थांबून तो ध्रुपद माझ्या हाती परत देई.

आमच्याकडे अशी रीत आहे की चांगला झेलकरी भेटला तर सांगणाऱ्याने पुढचे कडवे त्याला द्यावे. तो मान आहे. दिला की पद त्याचे होते. त्याने संपवल्यावाचून कोणी टाळ खाली ठेवायचा नाही, कोणी उठायचे नाही.

मी डोळे मिटूनच म्हणाले, "घ्या माउली. पुढचे तुम्ही घ्या."

४

त्याने घेतले.

मी डोळे उघडले. काठ मोकळा होता. झाडांच्या बुंध्यांपर्यंत अजून उजेड होता, आणि त्या उजेडात एकही माणूस नव्हता.

देवाजीचे ओठ झेलीत होते आणि डोळे माझ्याकडे होते. ध्रुपदाच्या मधल्या फटीत तो कुजबुजला, "बाई, हा तं आपला मुखरू होय."

आवाज मुखरूचा होता. मी त्याला लहानपणापासून टाळ धरायला शिकवलेले. तरीही माझी बुद्धी वाद घालीत राहिली. पाण्यावर आवाज दूरवर जातो. पलीकडच्या काठावर कोणी असेल. एकासारखा दुसऱ्याचा गळा असतो. पण पद? पद पलीकडच्या काठाला कोणी शिकवले?

तिसरे कडवे आले. आमच्या भजनात सगळ्यांना ठाऊक होते की हे कडवे मुखरूला कधी आले नाही. दर वेळी तो इथे खोकल्याचे निमित्त करी आणि बायका पदराआड हसत. पाण्याखालचा आवाज खोकला नाही. त्याने एकेक अक्षर स्वच्छ म्हटले:

तळ नाही ज्याला, तेथ तुझे घर ।
बांध माझा दोर, तेथ देवा ॥

सासऱ्यांनी हे देवासाठी रचले होते. त्या घाटावर ते देवाला म्हटल्यासारखे वाटले नाही.

"शिकले," मनकर्णा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. "बाई, त्यायले शिकवनारं कोनी भेटलं तिकडे."

ती नावेच्या कडेवर वाकली होती. आमच्या अगदी शेजारच्या खुंट्याच्या दोरावर तिचा हात होता. अंबाडीचा दोर, आणि त्याच्या पिळात हिरव्या लुगड्याचा काठ वळलेला. असा दोर आमच्या गावात एकीच्याच हातचा.

"नाव बसून राह्यली, बाई," देवाजी एकदम म्हणाला.

खरेच होते. पाणी कडेपासून वीतभरावर होते. मघाशी ते हातभर खाली होते. नावेत पाणी शिरले नव्हते, भार वाढला नव्हता. आमचा दोर, जो खुंट्यापासून नावेकडे आडवा यायला हवा होता, तो आता खाली झुकू लागला होता. प्रत्येक कडव्याला नाव थोडी खाली जात होती, जसे कोणी अदबीने पाहुण्याला आत घेते.

आणि आम्ही थांबू शकत नव्हतो. पद मी दिले होते. हात टाळ वाजवीत होते, गळा झेलीत होता. थांबावे असे मनात येई आणि ते ओठांपर्यंत पोहोचतच नसे.

देवाजीने कमरेचा विळा काढून मनकर्णेपुढे धरला. "काप. दोर भेटला ना? काप अन् मोकळी हो. त्यालेबी सोड, आमालेबी सोड."

तिने विळ्याकडे पाहिले. "गाऊन राह्यले ना ते, भाऊजी. गानाऱ्याचा दोर काऊन कापू?"

"नाव चालली, मनकर्णा!"

"जाऊ द्या. वर्षभर तं मीच बुडून राह्यली."

विळा तसाच धरलेला राहिला. पाणी कडेला लागले.

५

देवाने मला त्या क्षणी एका रीतीची आठवण करून दिली, एवढेच माझे भाग्य. पद कोणाचेही असो, आरती सुरू झाली की पद संपते. आरतीपुढे सांगणारा नाही, झेलणारा नाही. सगळ्यांनी उभे राहायचे.

आरतीच्या तयारीसाठी मात्र हात टाळांतून सुटले. झोळीत छोटे तबक आणि निरांजन होते. वात भिजवली, काडी ओढली. वारा नव्हता, ज्योत सरळ उभी राहिली. आवाज कडव्याच्या शेवटी श्वास घ्यायला थांबला, आणि त्या श्वासात मी आरती धरली.

गाणे थांबले.

मग घाटावरचे सगळे दोर एकदम ढिले पडले.

का ढिले पडले, हे मला आधी कळले नाही. आरतीचे पहिले कडवे म्हणताना कळले. आरतीला सगळे उभे राहतात. खालचेही राहिले होते.

मी निरांजन ओवाळीत होते, म्हणून उजेड पाण्यावर फिरत होता. जिथे जिथे तो गेला, तिथे पृष्ठभागाच्या जेमतेम खाली, ओळीने, काळी वर्तुळे होती. भिजलेल्या केसांची असावीत तशी. काहींवर मुंडाशाचा पीळ होता. ती हलत नव्हती. पाण्याच्या त्या पातळ पडद्याला कोणाचेही कपाळ अजून लागले नव्हते. ज्योत पुढे सरकली की ती अंधारात जात, पण तिथेच असत. हे मी पाहिले. याहून अधिक पाहिले असे मी म्हणणार नाही, कारण मग मी मान वर केली आणि आरती आकाशाला ओवाळून पूर्ण केली.

नाव हळूच वर आली, ताकावरच्या लोण्यासारखी.

आरती झाली की निरांजन सर्वांपुढे फिरवायचे. कोणालाही वगळायचे नाही. मनकर्णेने तबक माझ्याकडून घेतले.

"मी फिरवते," ती म्हणाली.

ती कडेवर वाकली आणि तबक पाण्याला टेकेल इतके खाली नेले. ज्योत वाकली, सरळ झाली. पुन्हा वाकली, सरळ झाली. आरती घेताना तळव्यांच्या हालचालीने ज्योत वाकते तशी. तबक पुढे सरकत गेले. ज्योतीपलीकडे पाण्याखेरीज काही दिसत नव्हते, आणि मी दिसू नये अशीच प्रार्थना करीत होते.

हिरव्या काठाच्या दोरापाशी तबक थांबले. तिथे ज्योत वाकली नाही. ती उंच आणि निश्चल झाली, कोणी नुसते बघत उभे असावे तशी.

मनकर्णा घरात बोलावे तशा आवाजात म्हणाली, "जेवले काय जी?"

ज्योत एकदा वाकली.

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने, त्याहून हळू, "माहं कसं करू, ते सांगा."

किती वेळ गेला, ते सांगता येणार नाही. तबक तापले असणार, पण तिने हात बदलला नाही. मग तिने दुसऱ्या हाताने धरलेल्या दोराचे पाण्यातले टोक आपोआप वर येऊ लागले. ती ओढीत नव्हती. दोर येत होता आणि ती तो गोळा करीत होती, धुणे गोळा करावे तसा. शेवटचे टोक नावेत पडले.

देवाजीने ते निरांजनाजवळ धरले. टोक तुटलेले नव्हते, कापलेले नव्हते, कुजलेले नव्हते. त्यावर गाठीचे वळ ताजे होते. बराच काळ घट्ट बांधलेली गाठ आत्ताच कोणी बोटांनी सोडवावी, तसे.

६

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो. अंधारात कुठे जाणार? कोणी गायले नाही. खालचा टक् टक् आवाज एकेक करून दूर गेला, घाटावरच्या नावा पहाटे कामाला निघाव्यात तसा. नामस्मरण करता करता माझा डोळा लागला, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

सकाळी दक्षिणेचा वारा होता. घाटावर जुने, वाळवीने खाल्लेले काही खुंटे होते. दोर कुठेच नव्हते. मनकर्णेने रात्री खुंट्यावरून सोडून घेतलेला तेवढा एक तिच्या उशाशी होता.

"ओंडकेच होते, बाई," शीड चढवताना देवाजी म्हणाला. "साग."

"असतील," मी म्हणाले. त्याला ते हवे होते, आणि मला ते नाकारण्यासारखे काही ठाऊक नव्हते. ती माणसे कोणत्या गावांची, किती पुरांतली, तो रिकामा खुंटा कोणासाठी राखला होता, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारते. उत्तर मिळावे असा हट्ट आता धरीत नाही.

गावात पोहोचल्यावर माणसे जमली. मुखरूच्या आईने दोर ओळखला आणि तो छातीशी धरून बसली. जातीतल्या जाणत्यांनी विळा आणवला. रीत म्हणजे रीत, आता दोर कापला पाहिजे.

मनकर्णेने विळा बाजूला सारला.

"त्यायनं सोडला," ती म्हणाली. "त्यायच्या हातानं. आता मी कापीन तं त्यायले काय वाटन?"

सासूनेच शेवटी मान हलवली. मग मनकर्णा नदीवर गेली आणि कोणी सांगितले नसताना कपाळ धुऊन आली. त्या दिवशी मुखरूचे विधी सुरू झाले. संध्याकाळी ती बायकांच्या ओळीत बसून पोटभर जेवली, आणि वाढणारीला म्हणाली, "वरन थोडं अळणी झालं, बाई." वर्षभरानंतर तिने चवीबद्दल प्रथमच काही म्हटले होते.

ऐकणाऱ्या सर्वांनो, तुमच्या घरी दिवेलागण कधी चुको नये. तुमची माणसे ज्या वाटेने गेली असतील, त्या वाटेवर त्यांना निवारा लाभो. जे परत येणार आहेत त्यांच्यासाठी चुलीत विस्तव राहो, आणि जे येणार नाहीत त्यांचे चित्त शांत असो. प्रत्येक घराच्या अन्नात मीठ असो, प्रत्येक कंठात नाम असो. नारायण सर्वांचे कल्याण करो.